खालच्या विभागाचा प्रतिनिधी

"आधी रडून घ्या," खालचे काका म्हणाले, "मग पायाकडून धरा."

दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. शवागाराच्या दारात असा माणूस दिसला की तो कोण, हे काकांना विचारावं लागत नसे. मुलगा, नाहीतर जावई. मुलगा असला तर आत येतो, जावई दारातच घुटमळतो. हे दारातच घुटमळत होते, म्हणून काकांनी त्यांना जावई ठरवून टाकलं.

"या, संकोच करू नका. एकदाच उचलायचंय. डोक्याकडून मी घेतो, म्हणजे तुम्हाला तोंड बघावं लागणार नाही."

रुग्णालयाचं शवागार तळघरात होतं आणि काका तिथले एकुलते एक कर्मचारी होते. वरच्या मजल्यांवर त्यांचा विषय निघाला की लोक आवाज उतरवून नुसतं बोट खाली करत, त्यावरून त्यांचं नाव खालचे काका पडलं. पूर्वी त्यांच्या जोडीला एक माणूस होता. तो निवृत्त झाला, त्याची जागा रिकामी राहिली आणि ती भरावी म्हणून काका अर्ज करून करून थकले. ढकलगाडीवरून टेबलावर, टेबलावरून शीतपेटीच्या खणात आणि खणातून पुन्हा गाडीवर, असा मेलेला माणूस देखील बराच प्रवास करतो. तो उचलायला दोघं लागतात. एकट्याला उचलता येत नाही असं नाही, पण मग कंबर जाते, आणि काकांची निम्मी गेलेलीच होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असंच चालू ठेवलंत तर एक दिवस खाली वाकाल ते वर येणार नाही.

आता कुणी म्हणेल, मग चादरीला धरून ओढावं की. सगळीकडे तसंच करतात म्हणे. पण काका ओढत नसत. "माणूस आहे, पोतं नव्हे," एवढंच ते म्हणत, आणि या एका गोष्टीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून मग दारात जो कोणी नातलग सापडेल त्याला ते हात लावायला सांगत. कुणी नाही म्हणत नसे. उलट काहीतरी करायला मिळालं म्हणून लोकांना बरंच वाटे.

जावईबापूंनी पाय धरले, उचलले, टेबलावर ठेवले आणि तिथेच भिंतीला टेकून मटकन खाली बसले. काकांनी त्यांना पाणी दिलं.

"लागतं मनाला," काका म्हणाले. "कोण होते तुमचे? सासरे?"

गृहस्थांनी रुमाल काढला. "मी नवीन अधीक्षक आहे," ते म्हणाले. "तपासणीला आलो होतो."

"असं होय," काका म्हणाले, आणि थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "मग यांचे नातलग कुठायत?"

दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात मेमो पडला. त्यात दोन आरोप होते. बाहेरच्या व्यक्तींकडून रुग्णालयाचं काम करून घेणे, हा पहिला. प्रत्यक्ष अधीक्षकांना रडण्याची सूचना करणे, हा दुसरा. नोकरीतून का काढू नये याचा खुलासा चौकशीत करावा, असं शेवटी लिहिलं होतं.

बायकोनं मेमो वाचला आणि घडी घालून डब्याखाली ठेवला.

"साहेब आणि जावई यातला फरक कळला नाही तुम्हाला?"

"दोघंही काही न करता उभे राहतात. कसा कळणार?"

"जीभ चालते, कंबर तेवढी चालत नाही. आता चौकशीत कोण बोलणार तुमच्या बाजूनं? त्या चिटणिसाकडे जा. संघटना कशाला असते? बाकीच्यांची भांडणं सोडवतो तो, तुम्ही त्याचं काय घोडं मारलंय?"

"मी सभासद नाही."

"एवढी वर्षं?"

"कुणी विचारलंच नाही."

आणि हे खरं होतं. आरोग्य कर्मचारी संघटनेची सभासद नोंदणी दरवर्षी वाजतगाजत व्हायची. चिटणीस पावतीपुस्तक घेऊन सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात करत, परिचारिका, वॉर्डबॉय, स्वयंपाकघर, सफाई असं करत तळमजल्यावर येत, तळघराच्या जिन्याकडे एकदा बघत आणि चहाला जात.

काका संघटनेच्या खोलीत आले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. ते कमरेत वाकून आत शिरले. चिटणिसांना वाटलं, माणूस फारच नम्र आहे.

"अहो, एवढं वाकायची गरज नाही. संघटनेत सगळे सारखे."

"वाकलो नाही, अडकलोय," काका म्हणाले. "मला सभासद करून घ्या."

"नोकरीला लागून किती काळ झाला?"

"लागलो तेव्हा केस काळे होते."

"आणि आजवर काय केलंत?"

"वाट बघितली. तुम्ही जिन्यापर्यंत येत होतात."

चिटणीस खोकले. तळघरात ओल असते, त्यांना दम्याचा त्रास आहे, असं काहीसं ते बोलले आणि त्यांनी घाईघाईनं पावती फाडली. मग मेमो वाचून ते जरा खुलले. बऱ्याच दिवसांत त्यांच्या हाती चांगलं भांडण लागलं नव्हतं.

"काळजी सोडा. सभासदाला चौकशीत एकटं सोडत नाही आपण. तुमच्या विभागाचा प्रतिनिधी तुमच्याबरोबर बसेल आणि तोच बोलेल. आपल्या घटनेत तसं स्पष्ट आहे. कोण आहे तुमच्या विभागाचा प्रतिनिधी?"

"विभागात मीच आहे."

"प्रतिनिधी नाही? मग निवडणूक घ्यावी लागेल. उमेदवार?"

"मीच."

"सूचक?"

काकांनी पावतीची घडी घातली.

"अनुमोदक? विभागातलाच लागतो. अहो, विभागात कुणीतरी असेल ना?"

"माणसं भरपूर आहेत," काका म्हणाले, "पण हात वर करणारी नाहीत. चिटणीससाहेब, सूचक आणि अनुमोदक असे दोघं माझ्याकडे असते तर मी इथे आलो असतो का? मला तर एकच माणूस हवाय."

चिटणिसांनी कार्यकारिणीची तातडीची बैठक घेतली. एकट्या माणसाला प्रतिनिधी मिळत नाही, आणि प्रतिनिधी नाही म्हणून एकट्या माणसाला दुसरा माणूस मागता येत नाही, हा पेच आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता, कारण एकट्या माणसाकडे कुणी गेलंच नव्हतं. पुष्कळ खल झाला. शेवटी ठरलं की अशा वेळी शेजारच्या विभागाने सूचक आणि अनुमोदक उसने द्यावेत. तळघरात शवागाराच्या शेजारी धुलाई होती; तिथल्या बायका दरवर्षी स्वतःच जिना चढून वर्गणी भरून येत. काका धुलाईतल्या मावशींकडे गेले.

मावशी तिथल्या सर्वांत जुन्या. त्यांनी मशीनचा आवाज बंद केला नाही, त्यामुळे सगळं बोलणं वरच्या पट्टीत झालं.

"मी होईन की सूचक," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही चादरींना गाठी मारून पाठवता. सोडवता सोडवता माझी नखं जातात. त्या गाठी बंद करा."

"गाठ मारली नाही तर एकट्याच्या हातातून चादर सुटते, मावशी."

"मग?"

"दुसरा माणूस आला की गाठ लागणार नाही."

मावशींनी जरा विचार केला. मग त्यांनी इस्त्रीवाल्या बाईला हाक मारली. "ए, इकडे ये. यांना अनुमोदन दे. आणि नीट दे, नखांचा प्रश्न आहे."

खालचे काका असे बिनविरोध निवडून आले. चिटणिसांनी त्यांना हार घातला. तो घालताना काकांना मान खाली करावी लागली नाही, ती होतीच.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत होती. तक्रार साहेबांची, तेव्हा चौकशी दुसऱ्या कुणीतरी करायला हवी होती; पण तो दुसरा अधिकारी रजेवर होता, म्हणून चौकशी अधिकारीही साहेबच झाले. घोटाळा नको म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. तक्रारदार म्हणून बोलताना ते चष्मा काढत आणि चौकशी अधिकारी म्हणून बोलताना घालत. समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक कर्मचाऱ्याची आणि एक प्रतिनिधीची. काका पहिल्या खुर्चीत बसले.

साहेबांनी चष्मा घातला. "आरोप मान्य आहेत का? नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याने प्रतिनिधीमार्फतच बोलायचं आहे."

काकांनी उठून दुसऱ्या खुर्चीत जायचा प्रयत्न केला. कंबर आडवी आली. ते पुन्हा बसले.

"साहेब, माझ्या सभासदाचं म्हणणं आहे की..."

"थांबा. तुम्ही कर्मचाऱ्याच्या खुर्चीत आहात. प्रतिनिधीनं त्या खुर्चीतून बोलायला हवं."

"प्रतिनिधी यायला तयार आहेत साहेब, पण सभासद उठत नाहीयेत."

साहेबांनी हे लिहून घेतलं, मग खोडलं. "बरं, तिथूनच बोला. बाहेरच्या व्यक्तींकडून काम का करून घेतलं?"

"सभासद म्हणतात, आतली व्यक्ती द्या, बाहेरची मागणार नाही."

"एकट्यानं होत नव्हतं?"

"होतं साहेब. ओढलं की होतं." काकांचा आवाज जरा बदलला. "तो माणूस वर, तुमच्या वॉर्डात असतो तोवर त्याला चार जण उचलतात, हळू, सांभाळून, म्हणत उचलतात. खाली आला की तो एकट्याच्या ताब्यात. काय फरक पडला त्याच्यात? नुसता श्वास तर गेला. मी नाही ओढणार. नोकरी गेली तरी चालेल." आणि मग आठवण होऊन ते म्हणाले, "असं सभासद म्हणतात."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले. तक्रारदार म्हणून बोलायचं आहे की नुसताच काढलाय, ते काकांना कळेना.

"वजन असतं हो," साहेब शेवटी म्हणाले. "मला त्या दिवशी वाटलं नव्हतं एवढं असेल."

"जिवंत माणूस उचलताना थोडं स्वतःला सावरून धरतो, साहेब. हा सगळाच्या सगळा तुमच्यावर येतो."

साहेबांनी चष्मा घातला आणि निकाल दिला. तक्रारदारानं तक्रार मागे घेतली आहे. मेमो रद्द. शवागारासाठी आणखी एका माणसाचा प्रस्ताव अधीक्षक स्वतःच्या शिफारशीनं आजच वर पाठवतील. बाहेर उभ्या असलेल्या चिटणिसांनी घोषणा दिली. संघटनेच्या फलकावर काकांचं नाव आलं. बायकोनं घरी एवढंच विचारलं की माणूस कधी येतोय. काका म्हणाले, निघालाच असेल.

माणूस यायला वेळ लागला, पण आला. नवा कोरा गणवेश, नीट विंचरलेले केस आणि काखेत एक खुर्ची. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी टेबल पुसलं, मग स्वतःचे हात पुसले. नेमकी तेव्हाच ढकलगाडी आली. गाडीवर एक धिप्पाड गृहस्थ होते.

"वेळेवर आलात," काका म्हणाले. "घ्या, पायाकडून घ्या."

"मी नाही धरत," नवा माणूस नम्रपणे म्हणाला. "मी पर्यवेक्षक आहे."

झालं होतं असं. साहेबांचा प्रस्ताव वर गेला, तेव्हा वरच्यांनी नियम काढला की ज्या विभागाला पर्यवेक्षक नाही त्या विभागाला मदतनीस देता येत नाही, कारण मदतनिसावर लक्ष कोण ठेवणार. तेव्हा आधी पर्यवेक्षक द्यावा, मदतनिसाचा विचार सवडीनं करावा. साहेबांनी पुन्हा लिहिलं. वरून उत्तर आलं की मागणी पूर्ण झालेली आहे.

"पण काका, मी तुम्हाला मदत करायलाच आलोय," पर्यवेक्षक म्हणाला. माणूस वाईट नव्हता, खरंच नव्हता. "तुम्ही उचला, मी बघतो. गुडघ्यात वाका, कमरेत नको."

त्या गृहस्थांचा मुलगा दारात उभा होता. तो पुढे झाला. "मी धरतो, काका."

"बाहेरच्या व्यक्तीला हात लावता येणार नाही," पर्यवेक्षकानं त्याला अडवलं. "त्याच्यावरून आधीच एक मेमो निघालाय इथे."

म्हणजे पूर्वी काकांना निदान जावई तरी मिळत होते, आता तेही गेले. काकांनी त्या धिप्पाड गृहस्थांना एकट्यानं उचललं. टेबलापर्यंत नेलं, ठेवलं, आणि एका गुडघ्यावर बसले ते तसेच बसून राहिले. कपाळावरून घाम गळत होता. मुलगा बापाकडे बघायचं सोडून काकांकडे बघत होता.

"एवढं करण्यापेक्षा ओढत का नाही?" पर्यवेक्षक कळवळून म्हणाला. "चादरीसकट ओढायचं. त्यांना थोडंच कळणार आहे?"

काका भिंतीला धरून उठले आणि एक एक पायरी मोजल्यासारखे जिना चढून चिटणिसांकडे गेले.

"तुमचं अभिनंदन करायचं राहिलं," चिटणीस म्हणाले. "माणूस मिळाला ना?"

"मिळाला."

"मग? पायाकडून धरतो ना?"

"धरत नाही. कसं धरावं ते सांगतो."

चिटणीस खुर्चीत मागे टेकले. आधी त्यांना हसू आलं, मग काकांचा चेहरा बघून ते ओशाळले. पर्यवेक्षक म्हणजे प्रशासनाचा माणूस, संघटनेचा त्याच्यावर काही जोर चालत नाही. नवा प्रस्ताव म्हणजे पुन्हा खालून वर. बरंच चाचपून झाल्यावर त्यांनी जुनं नियमांचं पुस्तक काढलं, आणि एका पानावर त्यांचं बोट थबकलं.

"काका, तुमचा विभाग संपावर गेला तर?"

"विभाग म्हणजे मी."

"तेच म्हणतोय. संप झाला तर अत्यावश्यक काम बंद पडू द्यायचं नसतं. ते पर्यवेक्षकानं स्वतः करायचं असतं. त्याला सुटका नाही. मात्र संपाच्या दिवसाचा तुमचा पगार कापला जाईल, हे आधीच सांगतो. आणि विभागाचं मतदान घ्यावं लागेल."

काकांनी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

संपाच्या सकाळी खालचे काका शवागाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मावशींनी जुन्या चादरीचा एक झेंडा करून दिला होता. चिटणिसांनी घोषणा द्यायला सांगितलं होतं, पण घोषणा एकट्याला देता येत नाही. एकानं ओरडून विचारायचं असतं आणि बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं असतं. काकांनी एकदा स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, पण बोळात ते इतकं केविलवाणं घुमलं की त्यांनी नाद सोडला.

ढकलगाडी आली. एक वयस्कर बाई होत्या, अंगानं भरलेल्या. कुणीतरी त्यांची वेणी नीट घालून दिली होती. पर्यवेक्षक गाडी आत घेऊन गेला. काका बाकावर बसून ऐकत होते. आधी शांतता. मग दम लागल्याचा आवाज. मग गाडी टेबलाला आपटल्याचा आवाज. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पर्यवेक्षक बाहेर आला. त्याचे विंचरलेले केस कपाळावर आले होते.

"हे एकट्यानं होत नाही हो," तो म्हणाला.

"नाही होत," काका म्हणाले.

"तुम्ही जरा..."

"मी संपावर आहे."

पर्यवेक्षक तिथेच उभा राहिला. दाराकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला, "मग मला ओढावंच लागेल." आणि तो आत वळला.

काका उठले. इतके पटकन ते कैक दिवसांत उठले नव्हते. झेंडा बाकावर ठेवला, आत गेले आणि बाईंच्या डोक्याकडे जाऊन उभे राहिले.

"तुम्ही संपावर आहात ना?" पर्यवेक्षक म्हणाला. "तुम्हाला कामाला हात लावता येत नाही."

"कामाला नाही लावत. आज मी बाहेरचा माणूस आहे."

"बाहेरच्या व्यक्तीला..." पर्यवेक्षकानं सुरुवात केली. मग त्याची नजर त्या वेणीकडे गेली. तो पायाकडे गेला आणि गुडघ्यात वाकला. दोघांनी बाईंना उचललं, हळूच, आणि टेबलावर ठेवलं. इतकं अलगद की चादरीला सुरकुतीसुद्धा पडली नाही. मग काका बाहेर आले आणि पुन्हा संपावर बसले.

तेव्हापासून खालच्या विभागात असंच चालतं. हलकं, किरकोळ अंगाचं कुणी आलं की काका कामावर असतात. जड माणूस आला की विभागाची सभा होते, ठराव होतो आणि संप सुरू होतो. पर्यवेक्षक आता वरून फोन आला की आधी वजन विचारतो. साहेब प्रत्येक संपाचा अहवाल वर पाठवतात, पगार कापल्याचीही नोंद करतात, आणि संघटनेच्या इतिहासात एवढे संप दुसऱ्या कुठल्याच विभागानं केलेले नाहीत असं चिटणीस प्रत्येक सभेत अभिमानानं सांगतात. मदतनिसाचा विचार वर अजून सवडीनं चालू आहे. काकांची कंबर पहिल्यापेक्षा बरी आहे. पगार मात्र कुठल्याच महिन्यात पुरा हातात येत नाही, आणि थंडी पडली, म्हातारी माणसं जायला लागली की घरात जरा ओढाताण होते.

संध्याकाळी ते घरी येतात तेव्हा बायको दार उघडताना त्यांच्याकडे एकदा नीट बघते.

"आज सरळ चालताय," ती म्हणते.

"संप होता."

ती आत जाते, चहाचं आधण ठेवते, साखर घेताना हात जरा आखडता घेते. मग तिथूनच विचारते, "कोण होतं?"

"सुतार होते एक. चांगले उंचेपुरे."

"घरचं कुणी आलं होतं?"

"मुलगी होती. दारातच उभी होती." काका चपला काढून ठेवतात. "मी संपावर आहे म्हटल्यावर ती माझ्यावर रागावली. मग आम्ही दोघांनी उचललं, ते बघून रडली."

बायको कप त्यांच्या हातात देते. चहा फिक्का असतो. काका तो पिऊन टाकतात आणि अजून थोडा मागतात.